दुसऱ्या वर्षात असलेला मुलगा कॉलेज सोडून अमेरिकेत व्यावसायिक सॉकर खेळायला निघालाय. त्याला जाऊ द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अमेरिकेत डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वात वरची पातळी) कॉलेजकडून खेळतो, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, डिसेंबरच्या सुपरड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) एमएलएसच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, एका क्लबने त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं, एजंट म्हणतो लगेच सही करा आणि घरचे म्हणतात आधी डिग्री. कॉलेजच्या खेळाडूंचे क्रेडिट (डिग्रीसाठी जमवायचे अभ्यासाचे एकक), रजेचे अर्ज आणि करारांतले शिक्षणाचे कलम हे कागद रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून लिहितोय. आणि ‘शिक्षण सोडलं’ हा शब्द मला मनापासून खटकतो, म्हणूनही.

आधी हे समजून घ्या. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे नोकरी लागली असं नाही. क्लबला त्याच्याशी एमएलएसचा करार करण्याचा हक्क मिळाला, एवढंच. २०२४ च्या ड्राफ्टपासून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कॉलेज न सोडताही निवडता येतं. तो कॉलेजात राहिला तरी क्लबचा हक्क लगेच संपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या मुलाच्या हातात बहुतेकदा करार नसतोच, जानेवारीतल्या सराव शिबिराचं बोलावणं असतं. तिथून काही जण पहिल्या संघात जातात, बरेच एमएलएस नेक्स्ट प्रो या खालच्या लीगमधल्या क्लबच्या दुसऱ्या संघात जातात आणि उरलेले फेब्रुवारीत बॅग उचलून परत येतात. परत आल्यावर कॉलेजचं दार उघडं असेल की नाही, हे तो शिबिराला कसा गेला यावर ठरतं.

जनरेशन आदिदासचा करार असता तर माझं उत्तर दोन ओळींचं असतं: जाऊ द्या. ही योजना १९९७ साली प्रोजेक्ट-४० नावाने सुरू झाली. निवडक मुलांशी लीग ड्राफ्टच्या आधीच करार करते, त्यांचा पगार क्लबच्या पगारमर्यादेत धरत नाहीत आणि उरलेल्या शिक्षणाचे पैसे करारातच असतात. काइल लॅरिन कनेक्टिकट विद्यापीठात दोन हंगाम खेळून २०१५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने १७ गोल केले. जॅक हॅरिसन वेक फॉरेस्टमधून एकाच हंगामानंतर निघाला, तोही २०१६ चा पहिला क्रमांक. या मुलांना ‘अर्धवट शिकलेले’ म्हणणाऱ्यांशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय.

पण या वादात दोन्ही बाजूंचे लोक जॉर्डन मॉरिसचं नाव घेतात आणि दोन्हीकडे त्याची गोष्ट अर्धीच सांगतात, म्हणून ती पूर्ण लिहितो. सिएटलजवळच्या मर्सर आयलंडचा मुलगा. सिएटल साउंडर्सच्या अकादमीत वर्षभर खेळला, म्हणून त्याच्यावर क्लबचा ‘होमग्रोन’ हक्क होता, म्हणजे ड्राफ्टशिवाय थेट करार. वडील त्याच क्लबचे डॉक्टर. स्टॅनफर्डमध्ये दुसरं वर्ष चालू असताना, नोव्हेंबर २०१४ मध्ये, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडून खेळला. जानेवारी २०१५ मध्ये साउंडर्सने करार पुढे केला आणि त्याने नाही म्हटलं, कॉलेजात राहिला. त्या एप्रिलमध्ये सॅन अँटोनियोत मेक्सिकोविरुद्ध राष्ट्रीय संघाच्या सुरुवातीच्या अकरांत उतरला, गोल केला आणि पुन्हा वर्गात जाऊन बसला. डिसेंबरात स्टॅनफर्डने कॉलेज कपच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात क्लेमसनला ४-० हरवलं, त्यातले दोन गोल त्याचे. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हरमन ट्रॉफीही त्यालाच. जर्मनीत वेर्डर ब्रेमेनकडे जाऊन सराव करून आला आणि जानेवारी २०१६ मध्ये शेवटचं वर्ष शिल्लक असताना साउंडर्सकडे सही केली. त्या हंगामात १२ गोल, सर्वोत्तम नवोदिताचा मान आणि डिसेंबरात एमएलएस कप, म्हणजे लीगचं विजेतेपद.

प्रशिक्षक मंडळी यातली २०१५ ची ‘नाही’ उचलतात आणि म्हणतात, बघा, थांबला म्हणून मोठा झाला. एजंट २०१६ ची ‘हो’ उचलतात. मला त्या दोन जानेवारींमधलं वर्ष महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षात त्याची किंमत वाढली, पण क्लबचा हक्क कुठेही जाणार नव्हता, त्यामुळे थांबल्याने त्याचं काही बुडत नव्हतं. सही केली ती अशा करारावर, जो तोवरचा होमग्रोन खेळाडूला मिळालेला सगळ्यात मोठा करार म्हणून गाजला. पुढे २०१८ मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि अख्खा हंगाम गेला. २०२१ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी क्लबकडे उसना गेलेला असताना दुसऱ्या गुडघ्याचाही फाटला. तोवर करार भक्कम होता, म्हणून तो उभा राहू शकला. तुमच्या मुलाच्या करारात असलं एक वर्ष त्याला सांभाळून घेईल का, हे आत्ताच विचारा.

कारण त्याच्यासमोर येणारा कागद साधारण असा असतो: पहिल्या वर्षाचा करार, पुढच्या दोन-तीन वर्षांसमोर ‘ऑप्शन’ हा शब्द. ऑप्शन एकाच बाजूचा, क्लबचा. क्लबला वाटलं तर ठेवेल, नाहीतर डिसेंबरात सोडेल. तुमच्या मुलाला मात्र सोडून जाता येत नाही. लोक ‘चार वर्षांचा करार’ म्हणून पेढे वाटतात, तो खरा एका वर्षाचा असतो. २०२५ मध्ये पहिल्या संघाच्या राखीव जागेवरचा किमान पगार वर्षाला ८०,६२२ डॉलर होता, सीनियर जागेवरचा १,०४,०००. राखीव जागेचा पगार केंद्राचा कर आणि सोशल सिक्युरिटी कापून महिन्याला साधारण ५,४०० हातात येतो. राज्याचा कर असेल तर तो वेगळा, एजंटाचा हिस्सा वेगळा. दुसऱ्या संघाच्या करारात पगार याच्या बराच खाली असतो.

आता शिक्षणाचं कलम. डिग्रीला साधारण १२० क्रेडिट लागतात, सेमिस्टरला १५ धरा. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात त्याचे ४५ झालेले असतील, ७५ उरले. खासगी विद्यापीठात एका क्रेडिटला दोन हजार डॉलर धरले तरी दीड लाख डॉलर होतात. करारात शिक्षणाची रक्कम आहे का, ती आजच्या फीनुसार ठरलेली आहे की तो प्रत्यक्ष शिकेल तेव्हाच्या, किती वर्षांत वापरायची, उन्हाळी आणि ऑनलाइन वर्ग चालतात का, क्लबने सोडलं किंवा दुसरीकडे पाठवलं तर ती कोण देणार, हे सगळं लेखी घ्या. तोंडी ‘बघू, करू’ला काही किंमत नाही. कॉलेजकडून शिष्यवृत्ती परत सुरू करण्याचं आश्वासन मिळालं तर तेही ईमेलवर घ्या, कारण प्रशिक्षक बदलतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बाहेर पडताना. फॉल (ऑगस्ट-डिसेंबर) सेमिस्टरच्या परीक्षा आणि कॉलेज कप दोन्ही डिसेंबरात येतात. मुलं ‘आता जायचंच आहे’ म्हणून परीक्षा टाकतात, हे कधीही होऊ देऊ नका. कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था एनसीएए प्रत्येक शिष्यवृत्तीधारक खेळाडूमागे संघाला दोन गुण देते, एक पात्र राहिल्याचा आणि एक कॉलेजात टिकल्याचा. व्यावसायिक खेळायला गेलेला मुलगा चांगल्या गुणांनिशी गेला तर संघाचा टिकल्याचा गुण जात नाही, परीक्षा बुडवून गेला तर दोन्ही जातात. मग परत यायच्या वेळी त्याच्यासाठी शब्द टाकायला तिथे कोणी उरत नाही.

दुसरी चूक जानेवारीतली. स्प्रिंगच्या (जानेवारी-मे) वर्गांत नाव तसंच ठेवून मुलगा शिबिराला निघून जातो. मे महिन्यात पाच नापास विषय, फीची थकबाकी आणि गुणपत्रक अडवलेलं. तेच क्रेडिट पुढे दुसऱ्या कॉलेजात न्यायचे तर गुणपत्रकच मिळत नाही. म्हणून वर्ग सुरू होण्याआधी लीव्ह ऑफ ॲबसेन्सचा अर्ज द्यायचा, विथड्रॉवलचा नाही. रजेवर गेलेल्याची जागा राहते, नाव काढलेल्याला बहुतेक ठिकाणी नव्याने अर्ज करावा लागतो. जाण्याआधी डिग्री ऑडिट (कुठले क्रेडिट झाले, कुठले उरले याची यादी) छापून घ्या आणि शेवटचे किती क्रेडिट त्याच विद्यापीठात करावे लागतात ते विचारा, ३० ही अट खूप ठिकाणी असते. क्लबच्या शहरातल्या विद्यापीठात वर्ग करून क्रेडिट परत आणायचे असतील तर परवानगी आधी काढावी लागते.

तुमच्या प्रश्नातला ‘एजंट’ हा शब्द वाचून मी दचकलो. मुलाने त्याच्याशी काही ठरवलंय का? क्लबशी बोलणी करणाऱ्या एजंटला लेखी किंवा तोंडी हो म्हटलं तर कॉलेजची पात्रता जाऊ शकते. जाहिरातींसाठीचा एजंट चालतो, पण ते काम वेगळं. नुसती चाचणी द्यायची तर वर्ग न बुडवता देता येते, आणि क्लबच्या खर्चाने एका क्लबकडे एकदा, ४८ तासांपुरती. काहीही करण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाडूंचे नियम सांभाळणारं कार्यालय) ईमेल करा आणि उत्तर ईमेलवरच मागा.

व्हिसाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंय, पण खरा अडसर तोच आहे. एफ-१ वर क्लबचा पगार घेता येत नाही. क्लबने पी-१, म्हणजे खेळाडूंच्या व्हिसासाठी, अर्ज करायचा असतो आणि तो मंजूर होण्याआधी कॉलेजचं नाव काढलं तर मुलगा अधांतरी राहतो. परवानगी घेऊन शिक्षण थांबवलं तरी देश सोडायला १५ दिवस मिळतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला न सांगता वर्ग सोडले तर तेवढेही नाहीत. म्हणून आधी ते कार्यालय, मग रजेचा अर्ज. शिवाय ग्रीन कार्ड नसेल तर एमएलएसमध्ये तो क्लबची एक आंतरराष्ट्रीय जागा खातो. मूळ वाटप क्लबला आठ जागांचं, क्लब त्यांची देवाणघेवाण करतात आणि त्या अनुभवी परदेशी खेळाडूंसाठी राखून ठेवतात. दुसऱ्या फेरीतल्या मुलावर जागा खर्च करतील का, हे क्लबला सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर या वर्षी थांबा. हक्क क्लबकडेच आहे, तो खेळत राहील, क्रेडिट वाढतील.

हे सगळं मुलांच्या सॉकरबद्दल. महिलांच्या व्यावसायिक लीगने, एनडब्ल्यूएसएलने, २०२४ मध्ये ड्राफ्टच बंद केला, तिथे मुलगी कुठल्याही क्लबशी बोलू शकते आणि हिशेब वेगळा बसतो. कॉलेजचे नियमही वेगाने बदलताहेत. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पण एफ-१ वाल्यांनी ते घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. एमएलएस २०२७ च्या उन्हाळ्यापासून हंगामच हलवतेय, तेव्हा मी वर दिलेलं डिसेंबर-जानेवारीचं गणितही बदलेल.

करार आला असेल तर नाव-रक्कम झाकून फक्त ऑप्शनचं आणि शिक्षणाचं कलम इथे टाका, वाचून सांगतो.