गाळातला भूगोल

प्रश्न : भूगोलात एम.ए. करते आहे. पर्यावरण भूगोलात संशोधन करायचंय, पण प्राध्यापकी पत्करली तर सगळा वेळ शिकवण्यातच जाईल का?

उत्तर : वेळ जातो, पण वाया जात नाही. मी तळ्यांच्या तळाचा गाळ अभ्यासते. नळीतून काढलेला गाळाचा स्तंभ उभा चिरला की वर पाणचट, खाली घट्ट थर दिसतात. सीझियम-१३७ हे अणुस्फोटांतून पसरलेलं किरणोत्सारी द्रव्य सर्वाधिक सापडतं तो थर साधारण १९६३चा, अणुचाचण्यांच्या काळातला. त्यावर किती गाळ साचला, यावरून भोवतालच्या उतारांवर किती धूप झाली याचा अंदाज येतो. हाच स्तंभ मी वर्गात नेते. एकीनं विचारलं, "किडे गाळ ढवळत नाहीत का?" ढवळतात, म्हणून तर शिसं-२१० या नैसर्गिक किरणोत्सारी शिशानंही थरांचं वय पडताळावं लागतं! असे प्रश्न मला प्रयोगशाळेत एकटीला सुचत नाहीत. पीएचडीचे मार्गदर्शक निवडताना मात्र ते स्वतः फील्डवर जातात का, हे आधी विचारा.