‘सावकाश कर’ म्हणून भागत नाही

«आदरणीय माई, मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. मुलगी ११ वर्षांची, सहावीत. मुलगा ९ वर्षांचा, मराठी शाळेत चौथीला. तो प्रश्न पुरता वाचायच्या आधीच उत्तर लिहून मोकळा होतो. वजाबाकीची बेरीज करतो, ‘कपाट’ असेल तिथे ‘कपडा’ वाचतो, पेपर सगळ्यांच्या आधी संपवून खिडकीबाहेर बघत बसतो. बाई म्हणतात, डोकं आहे पण धांदरट. मुलगी अगदी उलट. एकेक उत्तर तीन-तीनदा खोडते, खोडरबराने कागद फाटतो. लिहिलेल्यात चूक सापडत नाही, पण पेपर अर्धाच राहतो. मी दिवसभर त्याला ‘सावकाश कर’ आणि तिला ‘आटप लवकर’ एवढंच म्हणत असते. पुढच्या वर्षी तो पाचवीला इंग्रजी शाळेत जाईल, तेव्हा काय होणार? सासूबाई म्हणतात, बापावर गेलाय, बदलायचा नाही. परवा रागाच्या भरात ताईची वही त्याच्यापुढे आपटली आणि म्हटलं, हिच्याकडे बघून शीक. तो रडला नाही, नुसता गप्प झाला. त्याला शिकवणी लावू का? – एक आई»

अगो बाय,

तो गप्प झाला हे तू लिहिलंस, म्हणजे ते तुला लागलंय. बरं झालं लागलं. ती वही पुन्हा त्याच्यापुढे ठेवू नकोस. बहिणीसारखं हो म्हटल्याने तो बहिणीसारखा होणार नाही. आपण कुणासारखे नाही एवढंच तो शिकेल. आणि ती बिचारी तरी कुठे सुखात आहे? कागद फाटेपर्यंत खोडणाऱ्या मुलीच्या पोटात भीती असते. तिच्याकडे मी येतेच.

आधी धाकट्याचं. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवलंय. माझ्या वर्गात दरवर्षी अशी चार-पाच मुलं असायची, आणि त्यांना मीही वर्षानुवर्षं ‘सावकाश, सावकाश’ म्हणत राहिले. हे चुकतंय हे मला फार उशिरा कळलं. तुला ते आत्ताच कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ साली मुलांच्या विचार करण्याच्या या दोन तऱ्हांवर लिहिलं. त्यांची चाचणी साधीच होती. मुलाला एक चित्र दाखवायचं आणि खाली जवळजवळ तशीच दिसणारी सहा चित्रं. त्यातलं एकच वरच्याशी तंतोतंत जुळतं, बाकीच्यांत कुठेतरी बारीकसा फरक असतो. मूल पहिलं उत्तर किती वेळाने देतं आणि किती चुकतं, दोन्ही मोजायचं. झटकन बोट ठेवून चुकणारी ती उतावळी आणि वेळ घेऊन बरोबर सांगणारी ती विचारी, अशी नावं पडली. सगळी मुलं या दोन खोक्यांत बसत नाहीत बरं का. झटकन सांगून बरोबर येणारी असतात, आणि खूप वेळ घेऊन चुकणारीही असतात. वेग हाच दोष असता तर झटकन सांगून बरोबर येणारी मुलं दिसलीच नसती.

मग ही मुलं त्या वेळात करतात काय? पुढे काही संशोधकांनी चित्रं बघताना मुलांचे डोळे कुठे फिरतात ते टिपलं. विचारी मूल वरचं चित्र बघतं, खालचं बघतं, पुन्हा वर जातं, सहाही चित्रं चाळतं. उतावळं मूल दोन-तीन चित्रं बघतं आणि ‘हेच!’ म्हणतं. उरलेली त्याने पाहिलेलीच नसतात. तुझ्या मुलाचा ‘कपडा’ असाच होतो. ‘कप’ दिसलं, पुढचं त्याने मनानेच भरून टाकलं. त्याला ‘कपाट’ वाचता येत नाही असं मुळीच नाही, त्याची नजर शेवटच्या अक्षरापर्यंत पोचलीच नाही.

आता तुझं ‘सावकाश कर’. केगन यांनीच १९६६ साली पहिलीच्या उतावळ्या मुलांना थांबून उत्तर द्यायला शिकवून पाहिलं. मुलं थांबायला शिकली, चुका मात्र कमी झाल्या नाहीत. त्या थांबलेल्या वेळात डोळ्यांनी काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं! तू ‘सावकाश’ म्हटलंस की तुझा मुलगाही पेन्सिल हातात धरून थोडा वेळ बसत असेल आणि मग आधी मनात आलेलंच उत्तर लिहीत असेल. उद्या नीट बघ, हेच दिसेल तुला.

१९७१ साली डोनाल्ड माइकेनबाम आणि जोसेफ गुडमन या मानसशास्त्रज्ञांनी यावर जो उपाय करून पाहिला, तो घरी करता येतो. आधी मोठ्या माणसाने गणित स्वतः मोठ्याने बोलत सोडवायचं. ‘काय विचारलंय? चिन्ह कुठलं आहे? वजाबाकी. तीनातून आठ जात नाहीत, मग हातचा घेऊ. अरे, इथे चुकलं माझं, असू दे, परत करते.’ हे असं. मग मुलाने तेच करायचं, मोठ्याने स्वतःशी बोलत. मग कुजबुजत. मग मनातल्या मनात. नुसतं बघून मुलं सावकाश झाली. स्वतः बोलून करायला लागली तेव्हा चुका कमी झाल्या. त्यातलं ‘चुकलं माझं, असू दे’ हे वाक्य गाळू नकोस. मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. आई चुकते आणि चिडत नाही, हे त्याला कानांनी ऐकू दे. रोज तीनच गणितं कर, पण ती अशी कर. दहा-दहा वेळा लिहून घेण्याने त्याची घाईच पक्की होते.

आणि एक खेळ सांगते, आपल्याच घरातला. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-रानफळं टांगून माटोळी बांधता ना? त्यातली एक वस्तू मनात धर आणि त्याला प्रश्न विचारू दे, उत्तर फक्त हो किंवा नाही. पहिल्या दिवशी तो सरळ ‘नारळ? चिबूड? तोरिंग?’ असे तीर मारत सुटेल. त्याला थांबवू नकोस. मग पाळी बदलायची. त्याने मनात धरायचं, तू विचारायचं. ‘वेलीवर लागतं का?’ हो. ‘आपण खातो का ते?’ नाही. ‘पिकल्यावर लाल होतं का?’ हो. ‘मग कवंडळ!’ चार प्रश्नांत सापडलं. एका प्रश्नाने अर्धी माटोळी बाजूला होते हे त्याला दिसलं की पुढच्या वेळी तो आपणहून तसं विचारील. वीस प्रश्नांच्या असल्या खेळात विचारी मुलं अशा गाळणाऱ्या प्रश्नांकडे लवकर वळतात, उतावळी एकेक नाव घेत बसतात. वागणुकीचं व्याख्यान ऐकून हे येत नाही. खेळात हरल्यावर, आणि जिंकलेल्याने कसं जिंकलं ते पाहिल्यावर येतं.

हा खेळ सासूबाईंनी खेळवावा असं मला वाटतं. रानातल्या फळांची नावं त्यांच्याइतकी तुला येत नसतील. ‘बदलायचा नाही’ म्हणणाऱ्या आजीलाच नातवाला बदलताना बघू दे. तसंही वय वाढतं तसं बहुतेक मुलं थांबून बघायला लागतात. ९ वर्षांचं मूल म्हणजे अजून वाटेवरच आहे.

त्याचं कौतुकही शोध. १९७६ साली झेल्निकर आणि जेफ्री या संशोधकांना असं आढळलं की बारीक फरक शोधायचा असेल तिथे विचारी मुलं पुढे असतात, पण एखाद्या गोष्टीचा एकूण आकार एका नजरेत पकडायचा असेल तिथे उतावळी मुलं मागे पडत नाहीत. शाळेचा पेपर बहुतेक बारीक फरकांचाच असतो, म्हणून तो तिथे हरतो. दिवाळीत वाड्यावरची मुलं नरकासुराचा पुतळा करतात तेव्हा जरा बघ. सांगाडा कुठे कलतोय, हात आखूड झालाय का, हे आधी कोण ओरडून सांगतं? मला तरी वाटतं, तुझाच असेल.

आता थोरली. तिला ‘आटप’ म्हणणं बंद कर. खूप वेळ घेणाऱ्या मुलांना चुकण्याची धास्ती जास्त असते, असं केगन यांनाही वाटत होतं. घाई केली की ती धास्ती वाढते. आठवड्यातून दोन दिवस तिला पेनाने लिहायला दे, खोडरबर कपाटात. चुकलं तर एक रेघ मारायची आणि पुढे जायचं. पेपरात आधी येतात ते प्रश्न, अडलेले शेवटी. आणि गुण आल्यावर ‘एक कुठे गेला?’ हा प्रश्न घरात कुणीच विचारायचा नाही. तिचे बाबा विचारतात का? पत्रात त्यांच्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.

पाचवीची काळजी मला तुझ्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी वाटते. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि एकदम सगळे विषय इंग्रजीत, हा झटका गोव्यातल्या कितीतरी मुलांनी सोसलाय. तिथे शब्दच ओळखीचा नसेल तर मूल अंदाज मारणारच. त्याला धांदरटपणा म्हणायचं नाही. तेव्हा चुकलं की आधी विचार, ‘हा शब्द कळला होता का?’ कळला नव्हता तर शब्द शिकव. कळला होता तरच बघण्याचं बोल.

हे सगळं शाळेच्या कामापुरतं असेल तर डॉक्टरची गरज नाही. पण घरी, शाळेत, खेळतानाही तो क्षणभर थांबू शकत नसेल, आपली पाळी येईपर्यंत त्याला धीर धरवत नसेल, रस्त्यावर न बघता धावत असेल आणि हे सहा महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञाला दाखव. ते सांगतील तर बांबोळीला मनोविकार संस्थेत जा. तिथे जाण्यात लाज नाही.

शिकवणी आत्ता नको. शाळेत जे चुकतं तेच तिथे आणखी एक तास, आणखी घाईत होईल. लावायचीच झाली तर शिकवणीच्या बाईंना जाऊन भेट आणि बघ, त्या स्वतः प्रश्न वाचताना थांबतात का. पहिलीच्या मुलांवर १९६८ साली झालेल्या एका अभ्यासात शांतपणे शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गातली मुलं वर्षाअखेर अधिक वेळ घेऊन उत्तरं द्यायला लागली होती. मुलं आपला वेग उचलतात, बाय. सकाळी डबा, बस, दप्तर या गडबडीत तुझ्या घराचा वेग काय असतो ते तुझं तुला माहीत.

आज रात्री त्याच्या शेजारी बसून एकच वजाबाकी मोठ्याने कर, आणि मुद्दाम हातचा विसर. तो पकडतो का ते मला कळव.

– तुझी माई