घटना लेखी आहे, मग सुप्रीम कोर्ट अर्थ कसला लावतं?

तुमचा प्रश्न असा की, सगळं पांढऱ्यावर काळं लिहिलेलं असताना न्यायाधीश अर्थ कसला लावतात, आणि लावलाच तर त्यांच्यातच ३ विरुद्ध २ कसं होतं?

आपल्याकडे घराघरात ज्यावर वाद झाले तेच उदाहरण घेतो: मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१ चा निकाल. बातम्यांत आरक्षणाच्या पन्नास टक्के मर्यादेचीच चर्चा झाली, पण अर्थ लावण्याचा खरा कस लागला तो १०२व्या घटनादुरुस्तीवर.

२०१८ च्या या दुरुस्तीने कलम ३४२-अ आलं. एखाद्या राज्यातले सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग राष्ट्रपती अधिसूचनेने ठरवू शकतात, असं ते तेव्हा म्हणत होतं. मग राज्यांचा अधिकार गेला का? गेला असंही त्यात नव्हतं, राहिला असंही नव्हतं.

न्या. अशोक भूषण आणि न्या. अब्दुल नझीर यांनी संसदीय समितीचा अहवाल आणि मंत्र्यांची संसदेतली निवेदनं पाहिली. राज्यांच्या याद्यांना हात लावायचा हेतूच नव्हता, तेव्हा हे कलम केंद्राच्या यादीपुरतं, असं त्यांचं म्हणणं. न्या. रवींद्र भट यांनी शब्दांवर बोट ठेवलं. याच दुरुस्तीने घातलेली व्याख्या तेव्हा सांगत होती की 'या संविधानाच्या प्रयोजनार्थ' मागास वर्ग म्हणजे ३४२-अ खाली ठरलेले वर्ग. संविधान म्हटलं की त्यात राज्यंही आली. शिवाय अनुसूचित जाती-जमातींच्या कलमांची रचना अशीच आहे, आणि तिथे राज्याला स्वतःची यादी करता येत नाही. न्या. नागेश्वर राव आणि न्या. हेमंत गुप्ता भट यांच्या बाजूने गेले. केंद्राचे ॲटर्नी जनरल स्वतः सांगत होते की राज्यांचा अधिकार काढायचा नव्हता, तरीही! मला भट यांचं वाचन जास्त पटतं. हेतू वेगळा होता तर मसुदा तसा लिहायचा होता. ऑगस्टमध्ये संसदेने १०५वी दुरुस्ती करून तो लिहिलाच.

पन्नास टक्क्यांवर मात्र पाचही जण एका बाजूला. ही मर्यादा घालणारा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल नऊ न्यायाधीशांचा. पाच जणांना तो मोडता येत नाही. फार तर मोठ्या पीठाकडे, म्हणजे जास्त न्यायाधीशांकडे, पाठवता आला असता, पण त्याची गरज त्यांना वाटली नाही. म्हणून तर वकील आधी विचारतात, 'पीठ कितीचं?' एरवी दोघा-तिघांसमोर काम चालतं. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न आला की किमान पाच लागतात.

मग दुरुस्ती करून संसद काहीही फिरवू शकते का? नाही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ ने ठरवलं की घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. ही चौकट म्हणजे काय, याची यादी घटनेत कुठेच नाही. ती निकालागणिक ठरत गेली. आणीबाणीत, नोव्हेंबर १९७५ मध्ये, या निकालाच्या फेरविचारासाठी पुन्हा तेरा न्यायाधीश बसवले होते. ज्येष्ठ वकील नानी पालखीवाला फेरविचाराच्या विरोधात उभे राहिले आणि काही दिवसांतच सरन्यायाधीश रे यांनी ते पीठच बरखास्त केलं.