ऐरोलीत शॉर्टवेव्ह रेडिओवर नुसती खरखर येते, रेडिओ परत करू का?

तुम्ही ऐरोलीत अकराव्या मजल्यावर राहता. वडिलांसारखं रात्री परदेशी स्टेशनं ऐकायची म्हणून छोटा डिजिटल रेडिओ मागवलात. एफएम झकास लागतं, पण शॉर्टवेव्हवर बटण दाबलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत खरखर. परत करायची मुदत संपत आलीय, आणि रेडिओ खराब आहे की आपल्याकडे शॉर्टवेव्ह लागतच नाही, असं तुम्ही विचारलंय.

घाई करू नका. मी घोडबंदर रोडला राहतो, आणि पहिला आठवडा मीही रेडिओलाच शिव्या घालत होतो. दोष रेडिओचा नव्हता, घराचा होता.

एक काम आजच करा. रेडिओचा चार्जर काढून ठेवा आणि फक्त सेलवर लावा. चार्जर लावून शॉर्टवेव्ह ऐकणं म्हणजे गिरणीत बसून गाणं ऐकण्यासारखं. मग रात्री साडेआठ-नऊला ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झच्या मध्ये कुठेतरी रेडिओ लावून खरखर चालू ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आधी घरात सांगून ठेवा. मी न सांगता केलं तेव्हा मालिकेचा शेवटचा भाग चालू होता, तो विषय अजून निघतो.

अंधार झाला आणि खरखर निम्म्याहून कमी झाली. त्या खरखरीखाली कुणीतरी परकी बाई बातम्या वाचत होती, म्हणजे ती आधीपासून तिथेच होती! मग एकेक एमसीबी वर करत गेलो. हॉलचा वर केला की बाई गायब. सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर एक आणि पॅसेजमधला स्वस्तातला एलईडी बल्ब दुसरा, असे दोन चोर सापडले. या वस्तूंमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते. त्याचा कचरा वायरिंगमधून घरभर पसरतो आणि नेमका शॉर्टवेव्हवर येऊन पडतो. आमच्या लिफ्टचाही आवाज येतो, वर-खाली जाताना शिट्टीसारखा. कितव्या मजल्यावर कोण उतरलं हेसुद्धा मला आता रेडिओवरून कळतं, पण त्याला इलाज नाही.

एफएम नीट लागतं यावरून काही ठरवू नका. ते स्टेशन मुंबईतलंच, जोरदार. शॉर्टवेव्हचा सिग्नल हजारो किलोमीटरवरून, वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतो. तो आधीच दमलेला, त्यात आपल्या इमारती म्हणजे सळयांचे पिंजरे. सोफ्यावर बसून काही मिळणार नाही, खिडकीत किंवा बाल्कनीत जायचं.

आणि तार लावायची. आमच्या चाळीत वडिलांनी गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणली होती. तिचं दुसरं टोक मर्फीच्या रेडिओला. (मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, त्यामुळे आमच्याकडे त्या रेडिओचं कौतुक जरा जास्तच.) रेडिओ बाळगायला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं. आता असलं काही नाही, आणि जाळीचीही गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानातून साधी बारीक वायर पाच-सहा मीटर आणा, एका टोकाचं प्लॅस्टिक सोलून मगरचिमट्याने रेडिओच्या अँटेनाच्या काडीला लावा, दुसरं टोक कपड्यांच्या दोरीबरोबर बाल्कनीत सोडा. कबुतरांच्या जाळीतून बाहेर लोंबकळवू नका. माझी लोंबकळत होती तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी बोलावून ‘ही कसली वायर?’ म्हणून विचारलं, आणि शॉर्टवेव्ह त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला. विजेच्या तारांच्या जवळपास तार नको, आणि आभाळात गडगडलं की आधी ती काढायची. लांबी वाढवली की जास्त स्टेशनं येतील असंही नाही. छोट्या रेडिओला जास्त सिग्नल पचत नाही, मग भलत्याच जागी भलती स्टेशनं ऐकू येतात. ‘लोकल’ (जवळचं) आणि ‘डीएक्स’ (लांबचं) असं बटण असेल तर अशा वेळी लोकलवर टाका. मिडियम वेव्हला मात्र या काडीचा आणि तारेचा सहसा उपयोग नाही. त्याची अँटेनाची कांडी रेडिओच्या आत असते, तिथे अख्खा रेडिओच फिरवून बघायचा.

आता वेळ. बहुतेकजण इथेच फसतात: शनिवारी दुपारी जेवून उठतात, बँड फिरवतात आणि निराश होतात. दिवसा सूर्यामुळे खालचा एक थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. म्हणून दुपारी ऐकायचं तर १५ मेगाहर्ट्झच्या वर जायचं, म्हणजे १९ मीटर, १६ मीटर. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि २५, ३१, ४१, ४९ मीटरचे बँड जागे होतात. मीटर आणि मेगाहर्ट्झचा हिशोब सोपा आहे, ३०० भागिले एक म्हणजे दुसरा. ९.६ मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण ३१ मीटर. माझी आवडती वेळ संध्याकाळी सात ते अकरा, ३१ आणि २५ मीटर. पहाटे उठवत असेल तर ४१ आणि ४९ वर रात्रीपेक्षा शांतता असते, कारण शेजारचे टीव्ही बंद असतात. मे-जूनमध्ये पावसाच्या आधी खालच्या बँडवर कडकड येईल, ती लांबवरच्या विजांची. तेव्हा रेडिओची तक्रार करू नका.

ऐकायला मिळेल ते वडिलांच्या काळासारखं नाही, हे मन घट्ट करून सांगतो. रेडिओ ऑस्ट्रेलियाने शॉर्टवेव्ह जानेवारी २०१७ मध्ये बंद केली, बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबली. आता बँडवर सगळ्यात जास्त आवाज चीनचा, कितीतरी भाषांत. पण रोमानिया, तुर्कस्तान, जपान हेही असतात. आवाज लाटेसारखा येतो-जातो, ते तसंच असतं. वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून गेल्या वर्षीची यादी वापरू नका. यादीतली वेळ जागतिक असते, यूटीसी; तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ, १३:३० म्हणजे आपले संध्याकाळचे सात. मधेच कुठे रुंद, एकसुरी घोंगाट लागला तर ते डिजिटल प्रसारण असू शकतं, डीआरएम म्हणतात त्याला. आपल्या साध्या रेडिओला ते उलगडत नाही. आणि ‘एसएसबी’ बटण असेल (साध्या रेडिओवर न उलगडणारं एका प्रकारचं बोलणं ते उलगडतं) तर रविवारी सकाळी ७००० ते ७२०० किलोहर्ट्झमध्ये ते दाबून बघा, त्यातला एलएसबी हा पर्याय निवडून. बदकासारखे बोलणारे लोक हळूहळू माणसासारखे बोलायला लागतील. ते आपलेच हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, ‘व्हीयू’ने सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे आपली रेडिओवरची ओळख, सांगतात. ऐका खुशाल, बोलायला मात्र परीक्षा आणि परवाना लागतो.

आता परत करायचा की नाही ते ठरवण्याची परीक्षा. रात्री नऊनंतर रेडिओ सेलवर घेऊन घराबाहेर पडा. ऐरोलीत खाडीच्या बाजूला दिवा कोळीवाड्याकडे, नाहीतर ठाण्यात उपवन तलावाच्या काठी, हाय टेन्शनच्या तारा आणि रुळांपासून लांब, सोबतीला कुणीतरी घेऊन. काडी पूर्ण उघडा आणि बरोबर १०००० किलोहर्ट्झ लावा. चीनचं बीपीएम नावाचं वेळ सांगणारं स्टेशन तिथे आहे, सेकंदाला एक टिक. टिकटिक ऐकू आली, अगदी बारीक का होईना, तर रेडिओ ठणठणीत आहे. घरी या आणि अडॅप्टर शोधायला लागा. दोन-तीन रात्री जाऊनही टिक नाही, आणि ३१ मीटरवर एकही आवाज नाही, तर मात्र खोक्यात भरा आणि पाठवून द्या.