जर्मन पूर्वजाचा माग

प्रश्न : आमच्या जावयांचे एक जर्मन पूर्वज अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाले होते. नातीसाठी वंशावळ जुळवायची आहे. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : जावयांपासून एकेक पिढी मागे जात कागद जुळवावेत; थेट जर्मनीत शोध घेतल्यास नामसाधर्म्यामुळे भलतेच घराणे गळ्यात पडते. १७२७ पासून तिथल्या फिलाडेल्फिया बंदरात उतरणाऱ्या १६ वर्षांवरील जर्मन पुरुषांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. शपथ घेणाऱ्यांच्या याद्या छापील स्वरूपात मिळतात. मात्र ‘योहान’ दिसताच हुरळून जाऊ नये, कारण अनेक सख्ख्या भावांचे पहिले नाव तेच असे आणि हाक दुसऱ्या नावाने मारली जाई. याद्यांत बायकामुले सहसा नाहीत, याची फार हळहळ वाटते. त्यांची नावे लुथरन किंवा रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथांच्या चर्चच्या नोंदवह्यांत शोधावीत, जिथे क्वचित मूळ गावही सापडते.