आकडा नव्हे, धास्ती

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांचं वाक्य ठरलेलं असतं: “मॅडम, पुण्याचे लोक एकावर थांबतात. आमच्या इथं एक लेकरू म्हणजे लेकरूच नाही म्हणतात. चुकतं कोण?”

दारव्हा तालुक्यातलं असंच एक जोडपं. मुलगी पाच वर्षांची, सहा एकर कोरडवाहू. नवऱ्याला दुसरं नको होतं, सासूला हवंच होतं, सून गप्प. सासू नातवासाठीच अडून बसली आहे, असं सगळे धरून चालले होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने 2019-21 मध्ये महाराष्ट्रात बाईमागे सरासरी 1.7 मुलं मोजली, बिहारमध्ये 3. हे मी त्यांना सांगितलं. मात्र सरासरी घर चालवत नाही, हेही सांगितलं. पुण्याच्या नणंदेच्या घरी महिन्याचा पगार येतो, इथं पावसावर कापूस. दोन घरांचे आकडे जुळायचे कसे?

माझा ठाम विश्वास आहे, मूल दोघांचं असलं तरी निर्णयात घर बोलतं. म्हणून चौथ्या वेळी सासूलाही बोलावलं. विचारलं, “आई, दुसरं नसलं तर भीती कशाची वाटते?”

त्या बराच वेळ पदर चाळवत बसल्या.

“मायं पयलं पोरगं आठ महिन्याचं होऊन गेलं. ताप आला, बंडी जुंपेपर्यंत गेलं. हा पोटात होता म्हून मी जगली.”

मुलाने हे पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाला, “माय, मले सांगितलं काऊन नाही?” मग त्याने स्वतःचंही सांगितलं: पहिल्या बाळंतपणाचं कर्ज अजून डोक्यावर होतं. शेवटी सून बोलली, “मले दुसरं पाह्यजे, पण आत्ता नाही.”

इतकी वर्षं हे काम करताना मला कळलेली गोष्ट हीच. “किती” विचारलं की माणसं भांडतात, “भीती कशाची” विचारलं की बोलतात. तुमच्या घरात हा वाद असेल तर आधी थोरल्यांना विचारा. त्यांची धास्ती त्यांच्या काळात खरी होती. मग जमाखर्च मांडा, आणि जिच्या अंगावर बाळंतपण आहे तिचा शब्द शेवटचा ठेवा. मुलगाच हवा असा हट्ट असेल, तर मात्र तो तिथंच थांबवा.

दोन वर्षं थांबायचं ठरलं. तांबी बसवायला आरोग्य केंद्रात सुनेसोबत सासूच गेली.