तिसऱ्या पानावरचं दार

प्रिय,

तुझ्या भयचित्रकथेची बारा पानं मिळाली. एकदा भराभर वाचली, मग रात्री घरातले सगळे झोपल्यावर पुन्हा काढली. तुझ्या राक्षसाला चौतीस दात आहेत (हो, मोजले) आणि प्रत्येकाची सावली वेगळी आहे. एवढी चिकाटी तुझ्या वयात माझ्याकडे नव्हती. पण भीती काही वाटली नाही. भयपट शेकड्याने पाहिलेत, हातही बरा आहे, तरी कथा वाचून मैत्रिणी हसतात, असं तू लिहिलं आहेस. हसणारच.

मी दचकलो ते एकाच ठिकाणी. तिसरं पान, चौथी चौकट. त्या पानाच्या पहिल्या चौकटीत जिन्याखालचं दार बंद आहे आणि चौथीत ते बोटभर उघडं आहे. कथेतली मुलगी दप्तर आवरते आहे, दाराबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मी चार-पाच वेळा मागेपुढे करून खात्री केली. आता मला दाट संशय आहे की आधी दार कसं काढलं होतं ते तू विसरलीस आणि हे चुकून झालं. चुकून झालं असेल तर कुणाला सांगू नकोस. पण ते का लागू पडलं, याचा विचार कर. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत कुणीतरी ते दार ढकललं. तू काहीच काढलं नाहीस, ढकलणारा मी मनात आणला, आणि मनात आणलेल्याचे दात मोजता येत नाहीत.

आता तुझा राक्षस. तो येतो पाचव्या पानावर, आणि घोटाळा तिथेच आहे. पुस्तकात विषम पान उजव्या हाताला येतं. म्हणजे चौथं आणि पाचवं पान वाचकासमोर एकदमच उघडतं. चौथ्यावर मुलगी श्वास रोखून जिना उतरते आहे आणि वाचकाची नजर तोवर पलीकडे जाऊन राक्षसाला भेटूनही आली. सिनेमावाल्याचं बरं असतं, पुढचं दृश्य कधी दाखवायचं ते त्याच्या मुठीत. आपल्या हातात आहे फक्त पानाचं उलटणं. जपानचे भयचित्रकथाकार जुंजी इतो यात वस्ताद. त्यांची पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची, पण युक्ती तीच. पान संपतासंपता कुणीतरी मान वळवून काहीतरी बघतं, आपल्याला दिसतो तो फक्त त्याचा चेहरा. काय बघितलं ते कळायला पान आपणच उलटायचं. म्हणजे दार उघडणारा हात वाचकाचा.

हे मी शिकलो ते फजिती होऊन. उमेदीच्या काळात एका मासिकाने माझ्या कथेत ऐन वेळी जाहिरातीचं पान घुसवलं. सगळी पानं एकाने सरकली आणि माझं भूत डावीकडून उजवीकडे येऊन बसलं, आधीच्या पानाच्या शेजारी, फोटो काढायला बसल्यासारखं. तेव्हापासून कोऱ्या कागदांची घडी घालून छोटी वही करतो, तिच्यात नुसत्या काड्यांची माणसं काढतो आणि पानं उलटून बघतो. शाई नंतर. मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी हे सगळं गणित बदलतं, पण आधी कागदावर जमव.

भयपटांचं म्हणशील तर आता नवे बघणं थोडं थांबव. एकच प्रसंग घे, तीन-चार मिनिटांचा. एकदा नेहमीसारखा बघ, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसता ऐक. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मधला रात्रीच्या रस्त्याचा प्रसंग यासाठी फार चांगला. एक बाई एकटी चालली आहे, मागे टाचांचा आवाज. मग मागचा आवाज थांबतो. ती घाबरून वळते, आणि अचानक फिस्सकन आवाज करत पडद्यात घुसते ती एक बस. प्रेक्षक खुर्चीतून उडतात, झालेलं मात्र काहीच नसतं. आवाज बंद करून बघितलंस तर निम्मी भीती गायब होईल. तेवढी निम्मी तुला कागदावर दुसऱ्या कशाने तरी भरून काढायची आहे, चौकटींच्या आकाराने म्हण, काळ्या रंगाने म्हण.

१९७५ च्या ‘जॉज’ची गोष्ट तुला कुणीतरी ऐकवेलच. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून तो दाखवणं लांबलं आणि सिनेमा जास्त भीतिदायक झाला. खरं आहे. पण त्यावरून ‘काही दाखवूच नये’ असा अर्थ काढणारे लोक मला पटत नाहीत. शार्क शेवटी येतो, आणि आल्यावर तो वाट बघायला लावल्याच्या लायकीचा असावा लागतो. तेव्हा तुझा राक्षस फाडून टाकू नकोस.

किती दाखवायचं याचा वाद अमेरिकेत एकदा थेट सिनेटच्या समितीपुढे गेला होता. १९५४ साली विल्यम गेन्स या भयचित्रकथांच्या प्रकाशकाला एका मुखपृष्ठाबद्दल विचारलं गेलं, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचं तोडलेलं मुंडकं. हे सुरुचीला धरून आहे का? तो म्हणाला, भयकथेच्या अंकासाठी आहे. मुंडकं जरा वर धरून मानेतून गळणारं रक्त दाखवलं असतं तर नसतं. या उत्तराने त्याचा धंदा बुडायला मदतच झाली. त्याच वर्षी आलेल्या चित्रकथांच्या आचारसंहितेने अंकाच्या नावात ‘हॉरर’ शब्दही चालेना. पण कारागीर म्हणून मला ते उत्तर मूर्खपणाचं वाटत नाही. चौकट कुठे कापायची, एवढंच तर तो सांगत होता.

राहिली नक्कल. तू लाजत लिहिलं आहेस की आवडत्या चित्रकारांची पानं गिरवतेस. गिरव की! अमेरिकन चित्रकार फ्रँकलिन बूथने लहानपणी मासिकांतली लाकडावर कोरलेली चित्रं गिरवली, ती टाकाने काढली आहेत अशा समजुतीने. त्या गैरसमजातून त्याची बारीक रेषांची शैली तयार झाली. पुढे भयचित्रकथा काढणारा बर्नी राइटसन त्याच्या वाटेने गेला आणि फ्रँकेन्स्टाइनच्या गोष्टीची चित्रं त्याने सुमारे सात वर्षं काढली. पुस्तक आलं १९८३ ला. फक्त एक कर. राक्षस गिरवू नकोस, तो तुला येतोच. त्याच्या मागची भिंत गिरव, टेबलावरच्या बाटल्या गिरव, काळा रंग कुठे थांबवला आहे ते बघ. तुझ्या पानांवर काळा सगळीकडे सारखाच सांडला आहे, त्यामुळे अंधार वाटत नाही, शाई वाटते.

बाराही पानं पुन्हा काढायची गरज नाही. तिसरं ते सहावं एवढीच पाठव, पेन्सिलीत, घडीच्या वहीत. राक्षस सहाव्यावर घे. आणि पाचव्यावर त्या दाराचं काय करतेस, ते मला बघायचं आहे.

तुझा,
काका